काळ्या विहिरीची हडळ आणि आम्ही तिघी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. घरात सुतळीचे तुकडे साचतात ना, तसे. फेकवत नाहीत, आणि एक ओढला की सात निघतात!

माझी नात टीव्हीवर भुताची मालिका बघते. बघून झाली की मैत्रिणींशी फोनवर तासभर भांडते. "त्या चेटकिणीला एवढं वाईट का दाखवलं? हीरोइन सारखी रडतेच का? बायकांना दुसरं काही कामच नाही का?"

परवा मी म्हटलं, "बाई, हे भांडण आम्ही सौंसरला करून चुकलो. टीव्ही कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा!"

तिला खरं वाटेना. मग मी सुतळी ओढली.

*

मी वीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमची राजधानी तेव्हा नागपूर.

दर गणपतीत गावातल्या क्लबचं नाटक व्हायचं, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेडमध्ये. कापूस यायला अजून वेळ असायचा, त्यामुळे शेड रिकामी. पुरुषांसाठी खेळ रात्री, बायकांसाठी दुपारी दोन वाजता. नाटक लिहायचे दामोदरपंत, एका वकिलांचे कारकून, तरुणपणीच विधुर झालेले. 'काळ्या विहिरीची हडळ' हे त्यांचं नाटक, बाळंतपणात गेलेल्या बाईच्या भुताचं. ते एका वर्षात संपत नसे. दरवर्षी एक भाग! शेवटी हडळ हसत हसत विहिरीत उतरायची, पडदा पडायचा, आणि अख्खं सौंसर पुढच्या गणपतीची वाट बघायचं.

पहिल्या भागाला शेड बायकांनी गच्च भरली होती. माझ्या एका बाजूला सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई. नाव सुशीला, पण त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. दुसऱ्या बाजूला मोहगावच्या गोदाकाकू. कापूस आणि संत्र्यांची शेती, घरी बारा माणसं, आणि नाटकासाठी बैलगाडी जुंपून यायचा उत्साह. आम्ही तिघी एकमेकींना फक्त तोंडओळखीनं ओळखत होतो.

खेळ संपला. बायका डोळे पुसत निघाल्या. "काय घाबरवलं बाप्पा!" असं चाललं होतं. गोदाकाकू मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या.

"काय झालं काकू? आवडलं नाही?" मी विचारलं.

"आवडलं नं. उद्या पुन्हा दाखवलं तं उद्या पुन्हा येईन. पण एक सांग मास्तरीणबाई. हडळ तीन अंक वरडली. सून तीन अंक रडली. बोलली कोण?"

नर्सबाई मोठ्यांदा हसल्या. तशाच तिघी माझ्या शाळेच्या ओसरीवर जाऊन बसलो. गाडीवान बैल सोडून झोपी गेला, चहा दोनदा झाला, आणि आमचा क्लब सुरू झाला!

*

हडळीचं काम नत्थूजी शिंपी करायचे. उंच, हडकुळे, आवाज बारीक. स्वतःचं काळं लुगडं स्वतःच शिवून-टाचून घ्यायचे. तेव्हा स्टेजवर बाई येणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गोदाकाकू त्यांच्या दुकानात चोळी शिवायला गेल्या. माप देता देता म्हणाल्या, "नत्थूजी, तुमची हडळ विहिरीतून निघते अन् ठुमकत काहून चालते जी?"

"बाई हाय नं काकू. बाई ठुमकतच चालन."

"कोणती बाई? डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक, अन् ठुमकते? चाला माह्या संग!"

भर बाजाराच्या दिवशी काकूंनी नत्थूजींना विहिरीवर नेलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. पहिल्या खेपेला नत्थूजी ठुमकले. घागर खाली, सदरा ओला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्यांची मान ताठ झाली, नजर समोर लागली, पाय सरळ पडायला लागले.

"हे पाहा," काकू म्हणाल्या. "अशी चालते बाई!"

दुसऱ्या भागात हडळ विहिरीतून निघाली ती तशीच. ताठ मान, समोर नजर. शेडमधल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. आपलीच चाल होती ती! त्या वर्षी हडळीची जी दहशत बसली, ती किंचाळण्यानं कधी बसली नव्हती.

आणि नत्थूजींना सवय लागली म्हणा, की लाज वाटली म्हणा, घरचं पाणीही तेच भरू लागले. त्यांची बायको खास आमच्या ओसरीवर आली.

"काकू, तुमचे लय उपकार झाले. आता येत्या वर्षी हडळीले दळाले बी बसवा!"

*

आमची चर्चा दामोदरपंतांच्या कानावर गेली. ते स्वतः ओसरीवर आले. कोट, टोपी, काखेत वही. म्हणाले, "ऐकतो की आपल्याला नाटकाबद्दल काही तक्रार आहे."

"तक्रार नाही जी, विचारून राहिलो," गोदाकाकू म्हणाल्या. "मुंज्याले पिंपळ, पिंपळाले पार. वेताळाले देऊळ अन् शेंदूर. समंधाले निवद. अन् हडळीले? खराटा! असं काहून?"

दामोदरपंतांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "काकू, भूतयोनीत तशीच व्यवस्था आहे."

"म्हंजे मेल्यावर बी आमची सुटका नाही? मंग तिकडं भुतांचा सैपाक बी हडळच करत असन!"

पंतांना हसू आवरेना. वही काढून त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि गेले.

पुढच्या वर्षी तिसरा भाग. हडळ विहिरीच्या काठावर बसली, प्रेक्षकांकडे बघितलं आणि म्हणाली, "भुतांचा सैपाक बी मीच करून राहिली!"

बायकांमध्ये हशा पिकला तो थांबेना. नत्थूजी पुढचा डायलॉग बोलायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. तेवढ्यात माझ्या शेजारून गोदाकाकू उठल्या आणि साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माह्यं हाय ते!"

*

त्याच तिसऱ्या भागानंतरची गोष्ट. गोदाकाकूंची सून कमळा. पोरगी हसरी, कामाला वाघ. पहाटे उठायची ती दिवेलागणीपर्यंत तिला पाठ टेकायला मिळायची नाही. बारा माणसांच्या भाकरी, वरून कापसाचं निंदण.

एका दुपारी कमळेनं केस सोडले, डोळे गरगर फिरवले आणि अंगणात बसून घुमायला लागली. "मी काळ्या विहिरीची! मले चुलीपाशी बसवू नका! आग पाह्यली का मी भडकीन! मले गादी द्या! मले दूध द्या!"

घरातले पुरुष पांढरेफटक! कुणी लिंबू आणतोय, कुणी मिरच्या आणतोय. तिचा नवरा तर गोठ्यात जाऊन लपला. शेवटी शेतातून गोदाकाकूंना बोलावून आणलं.

काकू आल्या. समोर पाटावर बसल्या. दोन मिनिटं शांतपणे बघितलं. मग वाकून सुनेच्या कानाशी म्हणाल्या, "थांब वं. हा डायलॉग दुसऱ्या अंकातला हाय. त्याच्या आंधी तीन खेपा हसा लागते. तू हसलीच नाही."

हडळीला हसू फुटलं! पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात.

पुरुषांना वाटलं, भूत खदखदून राहिलं. काकू उठल्या आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, "लय जब्बर हडळ हाय. जामसांवलीले मारुतीच्या पायाशी न्या लागन. आठ दिस तिथंच राहा लागन. अन् संग मी जाईन. दुसऱ्याले नाही आवरणार ते."

आठ दिवस सासू-सून जामसांवलीला राहिल्या. सकाळी दर्शन, दुपारी झाडाखाली झोप, संध्याकाळी आरती. काकू मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून दुपारची मी पह्यल्यांदा झोपली वं." इकडे मोहगावात पुरुषांनी आठ दिवस भाकरी थापल्या. म्हणजे थापल्या असं ते म्हणायचे. त्या बैलांनीही हुंगून सोडल्या म्हणतात!

गाडी दारात आली. मुलगा धावत पुढे झाला. "माय, गेली का हडळ?"

"गेली," काकू म्हणाल्या. "पण दरसाल येईन म्हणे!"

*

आता हा किस्सा हसायचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिसऱ्या भागाच्या शेवटी दामोदरपंतांनी एक गोष्ट टाकली होती. हडळीला मरताना झालेलं मूल ज्या घरात राहील, त्या घराचं वाटोळं होईल. पडदा पडताना सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता.

थंडीत रामाकोन्याजवळच्या एका गावात एक बाई बाळंतपणात गेली. नर्सबाईंना बोलावणं आलं तेच दोन दिवस उशिरा. छोट्या रेल्वेगाडीनं रामाकोना, तिथून पायी. त्या पोचल्या तेव्हा बाई संपली होती. मुलगी जिवंत होती.

घरापासून मसणापर्यंतच्या वाटेवर मोहरी पेरलेली होती. मेलेली बाई परत यायला निघाली तर दाणे वेचत बसावी म्हणून. आणि मुलीला ओसरीवर गोणपाटावर ठेवलेलं. आजी दारातून हलायला तयार नाही. "हडळीची पोर घरात नको. आमी पाह्यलं नं नाटकात!"

नर्सबाईंनी पदरात गुंडाळून मुलगी सौंसरला आणली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दामोदरपंतांकडे गेलो. नर्सबाईंचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, त्या दिवशीही चढला नाही. त्यांनी मुलीला पंतांसमोर सतरंजीवर ठेवलं.

"पंत, पुढचा भाग ऐकायला आले. हिचं पुढे काय होतं? तुम्ही लिहिलं असेल ना."

पंत मुलीकडे बघत म्हणाले, "बाई, मी तर नुसती गोष्ट लिहिली."

"लोकांनी ती खरी धरली. आजवर कितीतरी जणींचे डोळे मी या हातांनी मिटलेत. त्यातली एकही कुणाला घाबरवायला परत आली नाही. आलीच असती तर कशाला आली असती, ते तुम्हाला कळायला हवं होतं."

पंत उठले. त्यांनी आत जाऊन वाटीत कोमट दूध आणलं आणि मुलीजवळ ठेवलं. आम्ही निघालो.

मुलगी नर्सबाईंकडेच वाढू लागली. गणपती आले तोवर भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. चौथ्या भागाला गोदाकाकूंची गाडी आली, तर गाडीत कमळेच्या शेजारी एक म्हातारी. रामाकोन्याच्या बाजूची ती आजी! काकूंनी तिला कसं तयार केलं, ते त्यांनाच ठाऊक. आम्हाला एवढंच म्हणाल्या, "फुकट नाटक हाय म्हणलं, बसली गाडीत."

पडदा उघडला. हडळ विहिरीतून निघाली. किंचाळली नाही. ताठ मानेनं घराकडे चालत गेली. घरातले सगळे ओरडत पळाले. मागे एक पाळणा राहिला, त्यात रडतं मूल. हडळ पाळण्याशी बसली, दोरी हातात घेतली आणि हलवू लागली. बराच वेळ नुसती दोरी हलत राहिली. रडणं थांबलं. हडळ उठली, मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि आली तशी निघून गेली.

शेडमध्ये एकीनं हुंदका दिला, तशा सगळ्याच रडायला लागल्या. म्हातारी रडली नाही. खाली बघून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नर्सबाईंच्या दारात उभी. "पोरगी द्या."

नर्सबाईंनी विचारलं, "हडळीची पोर आहे ना ती?"

म्हातारी म्हणाली, "असन. पण नात माही हाय!"

नर्सबाईंनी मुलीला न्हाऊमाखू घातलं, काजळ लावलं आणि दिली. मला फक्त म्हणाल्या, "कुमुद, तो पाळणा तेवढा तुझ्या शाळेत नेऊन ठेव." तीच मुलगी पुढे पाचवीला माझ्या वर्गात आली. पहिला नंबर, आणि बोलायला एक नंबर! तिच्यापुढे आम्ही मास्तरणी गप्प.

*

मग राज्यांची पुनर्रचना आली. नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आम्ही हिंदी राज्यात राहिलो. कालपर्यंत आमची राजधानी असलेलं गाव एका दिवसात दुसऱ्या राज्यात! नवी राजधानी भोपाळ कुठे आहे, ते मी वर्गातल्या नकाशावर मुलींच्या आधी स्वतः शोधलं. शाळेत हिंदीच्या ऑर्डरी यायला लागल्या.

क्लबातले पुरुष तोंड पाडून बसले. आपण इकडचे की तिकडचे? मराठी नाटक आता कोण बघणार? करायचं तरी कशाला?

गोदाकाकू दारातूनच म्हणाल्या, "माही विहीर जागची सरकली नाही, तं दामोदरपंताची काहून सरकन? लिवा म्हणा त्याईले!"

पंतांनी पाचवा भाग लिहिला.

त्या वर्षी भोपाळकडून एक नवे साहेब बदलून आले होते. त्यांची बायको अगदी तरुण, डोक्यावरून पदर, मराठीचा एक शब्द कळत नाही. बायकांच्या खेळाला तिला बोलावलं आणि माझ्या शेजारी बसवलं. तिला हिंदीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे! माझी हिंदी तेव्हा अशी, की बाजारात भाजीवालाही हसायचा.

"ये हडळ है. मतलब चुडैल," मी सांगितलं. "मर गई थी. अब कुएँ में रहती है."

ती मान डोलवत राहिली. पण मजा अशी की मी सांगायच्या आधीच ती हसायची, आणि मी शब्द शोधत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं असायचं. अर्ध्यावर मी सांगणं सोडून दिलं.

इंटरव्हल झाला. ती विचारात पडलेली. मग हळूच मला म्हणाली, "दीदी, एक बात पूछूँ? ये हर बार ससुराल ही क्यों जाती है? अपने मायके क्यों नहीं जाती?"

मी गार! पाच वर्षं आम्ही त्या हडळीचा कीस काढत होतो. चाल सुधारली, भाषा सुधारली, पाळणा आणला. आणि हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नव्हता! सासरी एवढे हाल होऊन मेलेली पोरगी, भूत होऊन पुन्हा सासरच्याच वाटेला का लागते, माहेरी का जात नाही?

मी मराठी करून गोदाकाकूंना सांगितलं. काकूंनी तिच्याकडे वळून बघितलं. तिचा हात हातात घेतला, आपल्या पदरातला भाजलेल्या शेंगदाण्यांचा अर्धा पुडा तिच्या ओंजळीत ओतला, आणि मागे वळून बायकांना जाहीर केलं,

"भोपाळवाली आपलीच निघाली!"

*

पाचव्या भागाचा एवढा बोलबाला झाला की पांढुर्ण्याहून निरोप आला, आमच्याकडेही आणा. आमच्या गावचं नाटक पहिल्यांदाच गावाबाहेर निघालं. सामान बैलगाड्यांनी, माणसं मोटारीनं. आम्ही तिघीही गेलो. दोन दिवस, रोज दुपारी बायकांचा खेळ, तिथल्याही जिनाच्या शेडमध्येच.

पहिल्या दिवशी खेळ छान झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी उठले तर घशातून आवाज नाही. मध, आलं, हळद-दूध, सगळं झालं. आवाज फुटेना. दुपारी एकपासून शेड भरायला लागली. बायका जवळच्या खेड्यांतून चालत आल्या होत्या.

दामोदरपंत विंगेत खुर्चीवर बसून म्हणाले, "खेळ रद्द करू. दुसरं कोण करणार?"

"मी करते," नर्सबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. बाई स्टेजवर? तीही सरकारी दवाखान्याची नर्स? मांत्रिकाचं काम करणारे गुलाबराव म्हणाले, "बाई, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. डायलॉग मला पाठ आहेत. लुगडं आणा."

नत्थूजींनी बिनआवाजाचे हात जोडले आणि स्वतः त्यांच्या पदराला टाचण्या लावून दिल्या.

मी आणि गोदाकाकू पुढे बसलो होतो. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. नर्सबाई विहिरीतून निघाल्या आणि बायकांमध्ये कुजबुज झाली. "बाई हाय वं! खरीखुरी बाई हाय!" मग कुजबुज थांबली. दोन अंक रंगत गेले. मला एवढंच वाटत होतं, उठावं आणि सगळ्यांना सांगावं, ही आमची आहे. सौंसरची!

शेवटचा सीन. मांत्रिक हडळीला धरतो, खराटा उगारतो आणि तीनदा विचारतो, "नाव सांग!" तिसऱ्यांदा हडळ ओरडते, "मला नाव नाही! मी हडळ!" आणि विहिरीकडे धावते. पाचव्या भागात असं लिहिलेलं होतं.

गुलाबरावांनी विचारलं, "नाव सांग!"

नर्सबाई गप्प.

"नाव सांग!"

गप्प.

"शेवटचं विचारतो. नाव सांग!"

"अनसूया तुकाराम," नर्सबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. दवाखान्याच्या रजिस्टरात लिहून देताना सांगावं, तसं सांगितलं.

विंगेतून दामोदरपंत प्रॉम्प्ट करू लागले. "मला नाव नाही... मला नाव नाही, मी हडळ..." आम्हा पुढच्या ओळीला स्पष्ट ऐकू येत होतं.

"अनसूया तुकाराम," त्या पुन्हा म्हणाल्या. "वय अठरा. पहिलटकरीण."

गोदाकाकू माझ्या कानाशी लागल्या. "माय होय वं नर्सबाईची. ही जन्मली अन् ती गेली."

गुलाबरावांचा खराटा हवेतच. मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. कडेवर मूल होतं.

"सुभद्रा महादेव," ती म्हणाली. "माही भैन."

मागून दुसरी उठली. "गिरजा नामदेव. माही सून होय जी."

एक म्हातारी उठू शकेना. बसल्या जागेवरून तिनं हात वर केला. "यशोदा शामराव. माही लेक."

मग एकेक उठत गेली. कुणी रडत नव्हतं. एक नाव संपलं की दुसरं. नर्सबाई स्टेजवर उभ्या राहून प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. गुलाबरावांनी खराटा हळूच खाली ठेवला, फेटा काढला आणि हातात धरून उभे राहिले.

विंगेतलं प्रॉम्प्टिंग कधीच थांबलं होतं. बायकांचा आवाज जरा विसावला, तेव्हा तिथून दामोदरपंत बोलले. वहीत नसलेलं.

"काशी दामोदर."